कॉमेडी पॉडकास्ट यायच्या कितीतरी आधी कोल्हापूरच्या शंकर पाटलांनी लोकांना नुसतं ऐकायला बसवलं होतं

एसटीत कानात इअरफोन घालून स्वतःशीच हसणारा माणूस दिसला, तर आता कुणी वळूनही बघत नाही. मराठीत हसत हसत ऐकायची भरपूर सोय झालीय. २०१६ साली भाडिपा सुरू झालं, मराठी स्टँडअप यूट्यूबवर रुळलं, मग व्हायफळ, अमुक तमुक असे गप्पांचे पॉडकास्ट आले. प्रवासात, जिममध्ये, भांडी घासताना लोक तास तासभर दुसऱ्यांच्या गप्पा ऐकत बसतात.

कोल्हापुरात रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलेल्या पोरांचे विषय पण हेच. कुठला एपिसोड भारी, कुठला पिक्चर पुन्हा बघण्यासारखा. त्यात कुणीतरी एक जुन्या पिक्चरचा चाहता असतोच. तो ‘पिंजरा’ काढतो, निळूभाऊ काढतो. दुसरा म्हणतो, ते जुनं झालं, कॉमेडी म्हणजे आता नुसती ऐकायची गोष्ट.

गंमत अशी की या दोघांच्या आवडीची मुळं शोधत गेलं, तर एकाच माणसाच्या दारात जाऊन थांबावं लागतं. नाव शंकर पाटील. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातलं पट्टणकोडोली हे त्यांचं गाव. विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यानं पिवळंधमक होणारं तेच पट्टणकोडोली. पाटलांचा जन्म ८ ऑगस्ट १९२६ चा, म्हणजे २०२६ हे त्यांचं जन्मशताब्दी वर्ष.

पाटील मूळचे कथाकार. ‘वळीव’ हा त्यांचा कथासंग्रह १९५८ साली आला. काही काळ पुणे आकाशवाणीत नोकरी, मग बालभारतीत. लिहिणारा माणूस, नोकरी करणारा माणूस, असं सरळ आयुष्य चाललं असतं. पण साठच्या दशकात एक वेगळाच प्रकार सुरू झाला. व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार आणि शंकर पाटील हे तिघं लेखक गावोगाव जाऊन स्वतःच्या कथा सांगायला लागले.

तिघंही साधारण एका वयाचे. पाटील १९२६ चे, बाकीचे दोघं १९२७ चे. माडगूळकर माणदेशातले, त्यांची ‘बनगरवाडी’ तोवर गाजलेली. मिरासदार अकलूजला जन्मलेले, पंढरपुरात वाढलेले, पेशानं मास्तर. आणि पाटील कोल्हापूरकडचे. म्हणजे दक्षिण महाराष्ट्राचे तीन वेगळे कोपरे एका स्टेजवर यायचे, आणि तिघांची मराठी वेगवेगळी ऐकू यायची.

स्टेजवर काय असायचं? एक माईक आणि एक माणूस. नेपथ्य नाही, पेटी-तबला नाही, नाच नाही. ज्या काळात गावात करमणूक म्हणजे तमाशा, तंबूतला सिनेमा नाहीतर भजन-कीर्तन, त्या काळात माणसं तिकीट काढून किंवा व्याख्यानमालेत सतरंजीवर बसून एका माणसाची गोष्ट ऐकायची. तोच पाटील व्हायचा, तोच तराळ, तोच मास्तर, आणि तीच चौकात भांडणारी म्हातारी. मिरासदारांनी तर पुढं अमेरिका-कॅनडातल्या मराठी लोकांसमोरही कथाकथन केलं.

तिघांच्या सांगण्याची जात मात्र एक नव्हती. माडगूळकर संयमानं सांगणारे. मिरासदार मिस्कील, चेहरा गंभीर ठेवून भोकरवाडीतल्या थापा सोडणारे. पाटलांची ताकद संवादात होती. त्यांच्या कथेत वर्णन कमी आणि माणसं बोलतात जास्त. ‘धिंड’ हे त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. दारूबंदी ठरवलेलं गाव, एक पिणारा गडी आणि त्याची निघणारी धिंड, एवढंच बीज. गोष्ट कुठं वळते ते इथं सांगून मजा घालवण्यात अर्थ नाही. पण धिंड काढणारे आणि जिची निघाली तो, यातलं नक्की हसं कुणाचं होतंय हा प्रश्न ऐकताना पडल्याशिवाय राहत नाही.

आता मुद्दा येतो भाषेचा, आणि शंकर पाटील का महत्त्वाचे ते इथं कळतं.

कोल्हापूरची बोली कागदावर लिहिली की तिचं काहीतरी हरवतं. ‘काय करालाईस?’ हे वाक्य नागपूरच्या किंवा ठाण्याच्या वाचकासमोर छापून ठेवलं, तर तो क्षणभर थांबतो. करालाईस म्हणजे? अक्षरं जोडून वाचेपर्यंत विनोदाची वेळ टळलेली असते. ‘काय गा’ मधला ‘गा’ प्रेमाचा आहे की दमदाटीचा, हे छापील अक्षर सांगू शकत नाही, ते सुरावरच कळतं. कोल्हापुरातल्या कितीतरी बायका बोलताना ‘मी आलो, मी जातो’ असं म्हणतात. बाहेरच्या वाचकाला ती मुद्रणाची चूक वाटू शकते. कोल्हापूरच्या माणसाला त्यात घरातली आई ऐकू येते.

माईकनं हा सगळा घोळ मिटवला. आवाजात आली की बोलीला तळटीप लागत नाही. हेल कळतो, थांबणं कळतं, आणि ज्याला शब्द माहीत नाही त्यालाही अर्थ लागतो. ग्रामीण मराठी घरोघरी पोचवण्यात पुस्तकांचा वाटा आहेच, पण कथाकथन आणि नंतर त्याच्या ध्वनिफिती यांचा वाटा कमी नाही. साठच्या दशकातच पु. ल. देशपांडे ‘बटाट्याची चाळ’ एकटे उभी करत होते. ती मुंबईच्या चाळीची मराठी होती. त्याच काळात गावची मराठीही तितक्याच ऐटीत माईकवर उभी होती, हे मात्र जरा कमी सांगितलं जातं.

मग हे कथाकथन म्हणजे जुन्या काळचं पॉडकास्ट म्हणायचं का? अगदी तसंही नाही. आजच्या गप्पांच्या पॉडकास्टमध्ये दोन-चार जण बसतात, विषय भरकटतो, आणि ते भरकटणंच लोकांना आवडतं. कथाकथनात लिहून, घासून, बांधलेली गोष्ट असायची. शेवट ठरलेला असायचा, हशा कुठं येणार ते माहीत असायचं. त्या अर्थानं ते स्टँडअपच्या जवळचं. आणि एडिटिंग नव्हतं. समोर बसलेलं गाव हसलं नाही, तर ते तिथल्या तिथं कळायचं.

आता पिक्चरवाल्या भिडूकडं येऊ.

पाटलांनी वगनाट्यंही लिहिली. त्यातलं एक ‘लवंगी मिरची कोल्हापूरची’, दुसरं ‘कथा अकलेच्या कांद्याची’. या दुसऱ्या वगात एक नट असा गाजला की सिनेमावाल्यांना त्याची दखल घ्यावी लागली. तो नट म्हणजे निळू फुले. १९६८ साली अनंत मानेंनी ‘एक गाव बारा भानगडी’ काढला. लेखन शंकर पाटलांचं, आणि त्यात झेले अण्णा म्हणून पडद्यावर पहिल्यांदा आले निळू फुले. पुढची दोन-तीन दशकं मराठी सिनेमात बेरकी, मिशीत हसणारा, खालच्या आवाजात धमकी देणारा जो पुढारी आपण बघितला, त्याची सुरुवात या वाटेनं झाली. वगातून पिक्चरमध्ये, आणि दोन्हीकडं शब्द पट्टणकोडोलीच्या पाटलांचे.

मग १९७२ साली ‘पिंजरा’ आला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. मूळ कल्पना जर्मनीची. १९३० सालच्या ‘द ब्लू एंजल’ या सिनेमात एक शिस्तीचा प्रोफेसर नाचगाण्यातल्या बाईच्या नादानं उद्ध्वस्त होतो. ते बीज उचलून तमाशाच्या फडात आणलं गेलं. प्रोफेसरच्या जागी डॉ. श्रीराम लागूंचा आदर्श मास्तर, आणि समोर संध्याची चंद्रकला.

या पिक्चरमागची माणसं बघा. शांताराम कोल्हापूरचे, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. १९२९ साली ‘प्रभात’ सुरू झाली ती कोल्हापुरात, त्या संस्थापकांपैकी एक. अनंत माने कोल्हापूरचे. गाणी लिहिणारे जगदीश खेबुडकर कोल्हापूर जिल्ह्यातले. आणि संवाद शंकर पाटलांचे. जर्मन गोष्ट परकी का वाटली नाही, याचं निम्मं उत्तर इथं आहे. उरलेलं निम्मं संवादात. मास्तर पुस्तकी मराठी बोलतो, फड गावची मराठी बोलतो. दोघांमधलं अंतर आणि ते अंतर तुटत जाणं नुसत्या बोलण्यावरून कळतं. डोळे मिटून ‘पिंजरा’ ऐकला तरी मास्तर किती घसरला हे समजेल. माईकवर तयार झालेल्या लेखकाचा हात तो हाच.

इथवर सगळं छानच आहे. पण शंकर पाटलांच्या वाट्याला, खरंतर या सगळ्याच विनोदी ग्रामीण कथेच्या वाट्याला, एक टीका आली आणि ती बाजूला सारता येणार नाही.

सत्तरच्या दशकानंतर ग्रामीण साहित्याची चळवळ उभी राहिली. तिच्यात पुढं होते डॉ. आनंद यादव. हेही कोल्हापूर जिल्ह्यातले, कागलचे. ‘झोंबी’ लिहिणारे, आणि ज्यांच्या कादंबरीवर २०१० साली ‘नटरंग’ सिनेमा आला ते. या बाजूचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की स्टेजवर हशा मिळतो म्हणून गाव हसण्यासाठीच लिहिलं जाऊ लागलं. दुष्काळ, कर्ज, जात, शिक्षणासाठीची फरफट हे मागं पडलं आणि शहरातल्या प्रेक्षकाला गावचा माणूस म्हणजे इरसाल, थापाड्या, बावळट नमुना वाटायला लागला.

या टीकेत दम आहे. कथाकथनाची नक्कल करणारे पुढं पुष्कळ झाले आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी फक्त हेल उचलला. मराठी सिनेमात तर धोतर, टोपी आणि चुकीचा इंग्रजी शब्द एवढ्यावर विनोद भागवायची सवयच लागली.

शंकर पाटलांवर मात्र ही टीका पूर्ण लागू होत नाही. १९६४ सालची त्यांची ‘टारफुला’ कादंबरी वाचली की हे कळतं. टारफुला म्हणजे ज्वारीच्या मुळाला चिकटून पीक शोषून घेणारं तण. दिसायला नाजूक फूल, खाली सगळं धाट वाळवून टाकणारं. कादंबरी आहे गावातल्या सत्तेची. पाटील गेल्यावर गाव कुणाच्या हातात जातं आणि त्यात माणसं कशी भरडतात, त्याची. त्यात हशा नाही. म्हणजे हसवणाऱ्या माणसाला गाव कुठं सडतंय हे नीट माहीत होतं. आणि त्यांच्या विनोदाच्या टप्प्यात बहुतेक वेळा सरपंच, पाटील, पंच, गावाला शहाणपण शिकवणारे लोक असायचे. ‘ताजमहालमध्ये सरपंच’ या पुस्तकाचं नाव ऐकलं तरी रोख कुणाकडं आहे याचा अंदाज येतो. १९८५ साली नांदेडच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद पाटलांना मिळालं. त्याआधी १९८३ ला अंबाजोगाईत माडगूळकर आणि नंतर १९९८ ला परळीत मिरासदार. स्टेजवरचे तिघंही अध्यक्ष झाले. मराठीत हसवणाऱ्यांना कायम दुय्यम समजतात म्हणतात, त्यात एवढा अपवाद धरायला हरकत नाही.

आजच्या रील्स आणि पॉडकास्टला हा जुना वाद जसाच्या तसा लागू पडतो. कोल्हापुरी बोलीला आता चांगलीच मागणी आहे. २०१६ साली सुरू झालेल्या ‘तुझ्यात जीव रंगला’ मालिकेमुळं ‘चालतंय की’ महाराष्ट्रभर गेलं. ‘नाद खुळा’, ‘जगात भारी’, ‘विषय हार्ड’ हे तर कोल्हापूर न बघितलेली पोरंही म्हणतात. बोली मिरवायला लाज वाटत नाही ही चांगलीच गोष्ट. पण एका व्हिडिओत कोल्हापूरचं पोरगं स्वतःच्या बोलीत गॅसच्या भावावर, पुरावर, सोसायटीच्या राजकारणावर बोलत असतं, आणि दुसऱ्यात कुणीतरी फक्त तो हेल काढून गावंढळ माणसाची नक्कल करत असतं. पहिल्यात बोली विनोद करते, दुसऱ्यात बोलीचाच विनोद होतो. लोक दोन्हीला हसतात, म्हणून फरक लवकर लक्षात येत नाही. कोल्हापूरचा ऐकणारा मात्र पहिल्या वाक्यात ओळखतो, कारण नक्कल करणाऱ्याचा ‘की’ चुकीच्या जागी पडलेला असतो.

शंकर पाटील ३० जुलै १९९४ ला गेले. त्यांच्या आवाजातलं कथाकथन यूट्यूबवर ऐकायला मिळतं. ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी आधी ‘धिंड’ ऐकावी, मग तीच कथा पुस्तकात वाचावी. आवाजात काय होतं आणि कागदावर काय उरलं हे शेजारी ठेवून बघता येतं. त्यानंतर ‘एक गाव बारा भानगडी’, आणि झेले अण्णा पडद्यावर आले की चित्राकडं कमी आणि बोलण्याकडं जास्त लक्ष द्यावं. ‘टारफुला’ मात्र शेवटी, आणि ती निवांत वेळ काढूनच.