पेटी आणि पाळ

इंग्लंडांतील एखाद्या खेड्याचा इतिहास लिहूं म्हणणारास प्रथम तेथील प्रार्थनामंदिराकडे जावें लागतें. १५३८ सालीं आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल यानें हुकूम काढला कीं, प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एका मंदिराखालच्या टापूच्या, धर्मोपदेशकानें तेथील बाप्तिस्मे, विवाह व दफनें वहींत नोंदवावीं आणि ती वही दोन कुलुपांच्या पेटींत ठेवावी. त्या वह्यांवरून तेथें साध्या शेतमजुराचाहि वंशवृक्ष लागूं शकतो. वर्गांत हें शिकवितांना आमच्या मनांत भंडारा जिल्ह्यांतील खेडें येई. तेथें असली पेटी कोठची?

तेथें गांवाचा जीव तलावांत. चांद्याच्या एका गोंड राजानें काशीहून कोहळी लोक आणले, अशी परंपरा आहे. टेकड्यांमधील खिंड हेरून मातीची पाळ घालावयाची, जादा पाणी सांडव्यानें काढावयाचें आणि सांठलेलें पाटानें भात व उसास द्यावयाचें, ही त्यांची विद्या. नवेगांवबांधचा विस्तीर्ण तलाव (हें गांव १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यांत मोडतें) अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधला, असें सांगतात. भोंवतालच्या टेकड्या त्या 'सातबहिणी'. त्यांनीं या कामीं पाटलास साह्य केलें म्हणे! पुढें कोलू पाटलाचा कोलासुर देव झाला. ही कथा प्रथम ऐकली तेव्हां आम्ही हंसलों होतों. आतां हंसवत नाहीं. कारण इंग्लंडांतील बहुतेक जुनीं मंदिरें त्या वह्यांच्या आधींचीं, आणि तीं उभारणाऱ्या गवंड्यांचीं नांवें बहुधा कोठेंच सांपडत नाहींत. अर्थात् येथेंहि देवपण लाभलें तें पाटलास. डोक्यावरून माती वाहणाऱ्यांस नव्हे.

आमच्याकडे कागद आला तो उशिरां. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाल्यावर जमाबंदींत मालगुजार हा गांवाचा मालक ठरला, आणि गांवच्या वहिवाटी 'वाजिब-उल-अर्ज' या दप्तरांत उतरल्या. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी नष्ट केली. १९५१ सालीं त्याची अंमलबजावणी होऊन तलाव सरकारकडे गेले. मालगुजारी गेली याचें आम्हांस दुःख नाहीं. परंतु पाळीची डागडुजी कोणी करावयाची, हा प्रश्न लोंबकळत राहिला आणि कित्येक तलाव गाळानें भरले. दप्तरांत ते 'माजी मालगुजारी' म्हणून लागले. बोलण्यांत त्याचें 'मामा तलाव' झालें. नवखा मनुष्य विचारतो, हा कोणाचा मामा? मालगुजाराचा पत्ता त्या नांवांत निदान असा तरी लागतो. कोहळ्याचा तेवढाहि लागत नाहीं.