बोरघाटातल्या बेवारसांची बखर

मावळ म्हटलं की इतिहासवाल्यांना लोहगड दिसतो, विसापूर दिसतो, राजमाची दिसते. गडांच्या बखरी झाल्या, पोवाडे झाले. पण याच मावळाच्या कडेला, खंडाळ्याच्या तोंडाशी, आणखी एक मोहीम झाली. ती सात पावसाळे चालली आणि तिच्यात माणसं हजारांनी मेली. त्यांच्या हातात पहार होती, घमेलं होतं, सुरुंगाची दारू होती. तिची बखर कुणी लिहिली नाही. कारण मेलेल्यांना घर नव्हतं, आणि घर नसलेल्याला वारस नसतो.

मित्रांनो, ही मोहीम म्हंजे बोरघाटाची रेल्वे.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. पण गोऱ्या व्यापाऱ्याचा जीव ठाण्यात नव्हता, तो देशावरच्या कापसात होता. कापूस बंदरावर आणायचा तर मधे सह्याद्री आडवा. म्हणून जानेवारी १८५६ मध्ये जी. आय. पी. कंपनीनं घाटाला हात घातला. चढ १,८३१ फुटांचा, लांबी सुमारे १६ मैल. काही ठिकाणी ३७ फूट पुढं गेलं की १ फूट वर. डोंगर पोखरून २५ बोगदे काढले. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला. पुस्तकात एवढंच असतं. फार तर इंजिनियर बर्कले याचं नाव असतं.

हे पोखरलं कुणी? १८६१ च्या जानेवारीत या घाटावर ४२,००० हून जास्त मजूर होते. त्या काळी सगळ्या मावळात एवढ्या माणसांना झोपायला ओटा तरी होता का? मजूर देशावरून आले, कोकणातून आले. माती-दगडाच्या कामावर गावोगाव फिरणारे वडार आले. ज्यांना गावात शेत नव्हतं नि गावकुसाच्या आत जागा नव्हती, अशांना रेल्वेचं काम म्हंजे सुटका वाटायची. बायका नि पोरं डोक्यावरून माती वाहायची. कड्यावर पाय ठेवायला जागा नसे तिथं माणूस दोराला बांधून खाली सोडायचे. तो लोंबकळत खडकाला भोक पाडायचा. दोर तुटला तर कामावरचा एक आकडा कमी व्हायचा.

कामाची उतरंड बघा. कंपनीनं काम विलायती कंत्राटदाराला दिलं. त्यानं ते पोटकंत्राटदाराला दिलं. त्याच्या खाली मुकादम, आणि मुकादमाच्या खाली मजूर. वरून पैसा निघायचा, तो प्रत्येक पायरीवर झिजायचा. जबाबदारी मात्र झिजत नव्हती, ती पहिल्याच पायरीवर गडप व्हायची. मजुरानं राहावं कुठं, प्यावं काय, आजारी पडला तर बघावं कुणी, हे कुणाचंच काम नव्हतं. गवताच्या, पाल्याच्या झोपड्या कड्याच्या उतारावर उभ्या राहिल्या. वरच्यानं जिथं अंग धुतलं तेच पाणी खालच्यानं प्यायलं.

मग पटकी आली. १८५९–६० च्या हंगामात तिनं घाट झोडपला. आपल्याकडं तिला मरीआईचा कोप म्हणायचे, साहेब वाईट हवेला दोष द्यायचा. लंडनमध्ये जॉन स्नोनं १८५४ सालीच पंपाच्या पाण्याकडं बोट दाखवलं होतं. रॉबर्ट कॉखनं जंतू ओळखला १८८३–८४ मध्ये. म्हंजे औषध त्या दिवशी कुणाकडंच नव्हतं, हे खरं. पण छप्पर होतं, चर खणता येत होता, पिण्याचा झरा वेगळा राखता येत होता. ज्या कंपनीला २५ बोगदे काढता आले तिला शौचाचे चर काढता आले नसते का? म्हणून ‘रोगानं मेले’ हे वाक्य मला पटत नाही. ती माणसं उघड्यावर ठेवल्यामुळं मेली. रोग नंतर आला.

या बांधकामात किती मेले? अभ्यासकांचा अंदाज २५,००० च्या आसपास जातो. अंदाजच. कारण मजुराच्या मरणाची नोंद ठेवायला कुणाला गरज वाटली नाही. याच घाटात सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार १८५९ साली विलायतेहून आला नि थोड्याच आठवड्यांत आजारानं गेला. त्याची बायको ॲलिस हिनं माघार घेतली नाही. तिनं कंत्राट हातात ठेवलं आणि माणसं नेमून काम तडीला नेलं. बाई धीराची, तिला मान द्यायलाच पाहिजे. पण बघा, एकच घाट, एकच पाणी. ट्रेडवेलचं मरण तारखेसकट पुस्तकात आहे. आपल्या माणसांचं मरण गोळाबेरजेत आहे, आणि तीही ठोकताळ्यानं.

ती माणसं मुकाट मेली असंही नाही. ट्रेडवेलच्या आधी फॅव्हिएल नावाचा कंत्राटदार होता. जानेवारी १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून मजूर गोऱ्या अंमलदारांवर चालून गेले. चौकशी बसली आणि पोटकंत्राटदार मजुरी दाबतात हे उघड झालं. १८६० साली सरकारनं कायदा केला. रेल्वे नि सरकारी कामांवरच्या मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटनं झटपट सोडवावेत, असा. वाचून बरं वाटतं. पण त्याच कायद्यात काम सोडून जाणाऱ्या मजुराला तुरुंग होता. हा कायदा १९३२ साली रद्द झाला. आपल्या देशात मजुराच्या बाजूनं म्हणून जे कागद निघाले, त्यांच्या पाठीवर काय लिहिलंय ते उलटून बघायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

घाट झाला. आणि मग खंडाळा-लोणावळ्याची हवा चांगली आहे, असा शोध लागला! मुंबईचे साहेब, शेटजी हवापालटाला येऊ लागले. बंगले उठले. ज्या डोंगरावर हजारो माणसं दवापाण्याविना गेली, तोच डोंगर तब्येत सुधारायची जागा ठरला. हवा तीच होती. एकाच्या डोक्यावर कौलं होती, दुसऱ्याच्या डोक्यावर आभाळ.

पुढं टाटांची धरणं आली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्याच्या धरणाची कोनशिला बसली. लोणावळा, वळवण, शिरवता असे तलाव झाले. ते पाणी खाली खोपोलीला सोडून १९१५ साली वीज काढली, ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. मी सुतावर काम करणारा माणूस, म्हणून हे मला जवळचं वाटतं. मावळचं पाणी मुंबईची चाती फिरवत होतं. पण त्या गिरणीत साळखात्याचं दार अस्पृश्याला बंद होतं. धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे, थुंकी लागली तर विटाळ होईल म्हणून. चार पैसे जास्त होते ते साळखात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल चव्हाट्यावर मांडला. पाण्यातून आलेली वीज शिवाशिव पाळत नव्हती, माणसं पाळत होती.

आणि ज्या जमिनी बुडाल्या त्यांचं काय? शेजारच्या मुळशी खोऱ्यात १६ एप्रिल १९२१ ला सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली सत्याग्रह उभा राहिला. तो लढा मोठाच. पण भरपाई सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळते. कित्येक जमिनी सावकाराच्या घशात गेलेल्या, कसणारा नुसता कूळ. आणि ज्याचं कुठंच नाव नाही, त्या महाराचं, कातकऱ्याचं काय बुडालं हे मोजायला सरकारी फूटपट्टीच नाही. त्याची झोपडी, सरपण, मासे, खेकडे हे कुठल्या रकान्यात बसवणार? पवना धरणानंही गावं उठवली. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचं पाणी बंद पाइपातून पिंपरी-चिंचवडला न्यायला विरोध करणाऱ्यांवर बऊरजवळ गोळीबार झाला. तीन माणसं गेली.

आज अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळात कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खैराचा कात काढणारी ही जमात. जंगल सरकारचं झालं तशी ती वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर गेली. झोपडी बहुतेक दुसऱ्याच्या जमिनीवर. जागा नावावर नाही म्हणून घरकुल अडतं. पत्ता नाही, हंगामाला गाव बदलतं, म्हणून रेशनकार्ड अडतं. २०१२ साली गरिबांसाठी आरोग्य योजना निघाली. २०१७ साली तिला महात्मा फुल्यांचं नाव दिलं. कित्येक वर्षं तिच्या दाराची किल्ली पिवळं-केशरी रेशनकार्ड हीच होती. म्हंजे जोतिबांच्या नावाच्या दवाखान्यात जायला आधी घराचा पत्ता पाहिजे! डोंगरी-आदिवासी भागात २०,००० वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र नि ३,००० ला एक उपकेंद्र असा नियम आहे. पण जी वाडी दिवाळीनंतर भट्टीवर जाते ती कोणत्या तीन हजारांत धरायची? घराचा नि दवाखान्याचा सवाल दोन खात्यांत वाटलाय. पोटात दुखणाऱ्या माणसाला तो एकच असतो.

याच मावळात कार्ल्याचं चैत्य आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं. तिथं दाराशी एका सुताराचं नाव कोरलंय. सामी, वेणुवासाचा मुलगा, धेनुकाकटचा राहणारा, यानं दार केलं. शेजारी भाज्याला पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख आहे. वाटसरूला छप्पर नि चांगलं पाणी द्यावं, आणि हातानं काम करणाऱ्याचं नाव दगडावर लिहावं, एवढी अक्कल बुद्धाच्या वाटेवरच्या माणसांना होती. तिथून थोड्याच मैलांवर, अठराशे वर्षांनी, पंचवीस हजारांना ना छप्पर मिळालं, ना पाणी, ना नाव.

ती नावं आता सापडायची नाहीत. पण जे जिवंत आहेत त्यांची तरी यादी करू. प्रत्येक वाडीवर जा. कोण किती वर्षं त्या जागेवर राहतंय ते म्हाताऱ्यांच्या तोंडून लिहून घ्या. बाळंतपणात कोण गेली, तापात कोण गेलं, दवाखाना किती कोसांवर होता, तेही लिहा. ती वही ग्रामसभेत वाचा, तहसीलदाराच्या टेबलावर ठेवा, पोच घ्या. बेवारस मेलेल्यांचे वारस आपणच आहोत. वारसानं आधी मागायची ती जागा. दवाखान्याचा रस्ता तिथूनच सुरू होतो.