दंडाची पावती हाच पुरावा

अहिंसक लढा म्हटला की आपल्या तरुणांच्या तोंडी मॉन्टगोमेरी येते. 381 दिवस कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला, पायी चालले, आणि 1956 मध्ये बसमधला वर्णभेद संपला. हे माहीत असावेच. पण बीड जिल्ह्यातल्या कार्यकर्त्याला गाव नमुना 1-ई म्हणजे काय हे ठाऊक नसेल, तर त्याला स्वतःच्या चळवळीचा इतिहास ठाऊक नाही, असे आम्ही म्हणू.

मराठवाड्यात अस्पृश्यता नुसती पाणवठ्यावर नव्हती, ती सातबाऱ्यावरही होती. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याने अत्याचाराची फिर्याद द्यायची कुठल्या जोरावर? सकाळी मजुरीला त्याच बांधावर जायचे, नाहीतर कोयता घेऊन उसाच्या फडात. दादासाहेब गायकवाडांनी हे दुखणे ओळखले होते. 6 डिसेंबर 1964 पासूनच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखोंनी तुरुंग भरले.

बीडमध्ये तोच धागा एकनाथ आवाड यांनी धरला. मातंग समाजातला, पोतराजाच्या पोटी जन्मलेला हा माणूस. लोक त्यांना जिजा म्हणत. 1990 मध्ये त्यांनी मानवी हक्क अभियान उभे केले. लढ्याचे साधन काय, तर नांगर आणि तिफण. गायरान नांगरायचे, पेरायचे, राखायचे. उभ्या पिकात जनावरे सोडली जात, गावाचा बहिष्कार पडे, तरी पुढच्या पावसाला पुन्हा पेरायचे. महसूल खाते अतिक्रमण म्हणून दंड करी. तो भरायचा आणि पावती ट्रंकेत जपून ठेवायची, कारण 1-ई ही अतिक्रमणाची नोंदवही. गुन्ह्याची नोंद हाच कसणाऱ्याचा पुरावा! 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले, तेव्हा याच कागदांना किंमत आली. ज्यांच्याकडे ते नव्हते, त्यांनी कसलेली वर्षे मोजलीच गेली नाहीत.

आता 'गायरान वाचवा' म्हणणारे सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या जगपाल सिंग निकालाकडे बोट दाखवतात. 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोटिसाही निघाल्या. तो निकाल शेवटपर्यंत वाचा. सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा मिळाला असेल, तर नियमितीकरणाचा अपवाद त्यात स्पष्ट लिहिला आहे. नोटिशीच्या उत्तरात हा अपवाद आणि 1-ईचा उतारा एकत्र जोडा.