घाट उतरल्यावर : महाड-पोलादपूर परिसरातील अंगमर्दनाचा इतिहास

श्रमाने आखडलेले अंग तेल लावून चोळणे, रगडणे आणि थापटणे ही महाड-पोलादपूर भागातली जुनी रीत आहे. तिची गरज इथल्या भूगोलानेच निर्माण केली. महाड शहर सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठी, समुद्रसपाटीपासून फारसे वर नसलेल्या जागी वसले आहे. पूर्वेला मात्र सह्याद्रीची भिंत उभी आहे. रायगड ८२० मीटर, तर महाबळेश्वरचे पठार सुमारे १,३५० मीटर उंच. पोलादपूरहून आंबेनळी घाट महाबळेश्वरला चढतो आणि बिरवाडीच्या बाजूने वरंध घाट भोरकडे जातो. सपाट जमीन थोडी, चढउतार भरपूर. चढताना दम लागतो, पण पाय धरतात ते उतरल्यावर, आणि तेही बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी.

या वाटांवर पूर्वी माल आणि माणसे दोन्ही अंगमेहनतीने जात. बाणकोटच्या खाडीतून गलबते सावित्रीने आत येत. दासगाव आणि महाड ही उतारपेठ होती. मीठ, नारळ, सुकी मासळी इथून बैलांच्या पाठीवर आणि हमालांच्या डोक्यावर देशावर चढे आणि तिकडचे धान्य व गूळ खाली येई. १८२८ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरला आरोग्यस्थान वसवले आणि या वाटेला नवे गिऱ्हाईक मिळाले. मुंबईचा साहेब बोटीने बाणकोटला आणि तिथून खाडीने दासगाव-महाडकडे येई. पुढे पोलादपूर मागे टाकून प्रतापगडाच्या पायथ्याचे पार गाठायचे आणि रडतोंडीच्या घाटाने वर जायचे, असा त्याचा मार्ग असे. तो पालखीत बसे आणि पालखी भोयांच्या खांद्यावर असे. साहेबांनी या प्रवासातल्या दृश्यांची वर्णने भरपूर लिहून ठेवली; भोयांच्या पोटऱ्यांबद्दल मात्र त्यांना फारसे लिहावेसे वाटले नाही.

ज्यांचे पोट पायांवर चाले, त्यांची दुखणी वेगळी होती. रोज घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्याचे स्नायू त्या कामाला सरावतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कण्हण्याची वेळ त्याच्यावर क्वचित येते. त्याचे दुखणे हळूहळू साचत जाणारे असते. गुडघा झिजतो, खांद्याला घट्टा पडतो, कंबर धरते. त्याची मालीश ही दिवसाअखेरची विश्रांती होती. नवख्या पायाचे दुखणे आणि सरावलेल्या पायाचे दुखणे यांतला हा फरक पुढच्या सगळ्या इतिहासात महत्त्वाचा ठरतो.

कोकणातल्या घरगुती उपचारात तेल, शेक आणि दुसऱ्याचा हात या तीन गोष्टी मुख्य. खोबरेल सगळीकडेच असे. दुखऱ्या सांध्यांना करंजाचे किंवा उंडीचे तेल चोळत. निरगुडीचा पाला पाण्यात उकळून त्या पाण्याने शेक देत किंवा पाला तव्यावर गरम करून बांधत. भातलावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून राहिलेल्या बायकांची कंबर, आणि डोंगरउतारावर नाचणी-वरी करणाऱ्या शेतकऱ्याच्या मांड्या, याच उपचारावर चालत. घरातल्या लहान पोराला पाठीवर आणि पायांवर चालायला लावणे हा तर घरोघरचा प्रकार होता. मुलाचे वजन बेताचे, तळवे मऊ आणि मजुरी शून्य, त्यामुळे याहून सोयीचा मालीशवाला शोधून सापडला नसता. बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणाऱ्या बायांकडे मात्र हे काम कसब म्हणून होते. शिरा कुठे दाबायच्या, हात कुठल्या दिशेने फिरवायचा, शेगडीचा शेक किती वेळ द्यायचा हे ज्ञान सासूकडून सुनेकडे, हाताकडून हाताकडे जाई. ते लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही.

याच्या जोडीला निसर्गाने दिलेली एक सोय होती. महाडजवळ सावित्रीच्या काठी सव इथे गरम पाण्याचे झरे आहेत. पश्चिम किनाऱ्याला समांतर अशी गरम झऱ्यांची एक साखळीच आहे. पालीजवळचे उन्हेरे, दापोली तालुक्यातले उन्हवरे आणि राजापूरजवळचे उन्हाळे ही तिच्यातली काही ठिकाणे. गंधकाचा वास असलेल्या या पाण्याने त्वचारोग आणि वात बरा होतो, अशी श्रद्धा आहे. त्या श्रद्धेचा हिशेब बाजूला ठेवला तरी ऊन पाण्याने रक्तप्रवाह वाढतो आणि आखडलेला स्नायू सैलावतो, एवढे खरे.

ग्रंथांतली परंपराही जुनी आहे. व्यायामानंतर सगळे अंग सोसेल इतपत मर्दन करावे, असे वाग्भटाच्या अष्टांगहृदयात स्पष्ट सांगितले आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात मल्लांचा आहार, सराव आणि झुंजी यांचे वर्णन येते. पुढे तालमींनी हे मर्दन आपल्या शिस्तीत बसवले. जोर-बैठका आणि लढती संपल्या की पठ्ठ्यांनी एकमेकांचे अंग रगडायचे आणि लहानांनी वस्तादाचे, असा शिरस्ता पडला. त्यात चोळणे, मळणे, दाबणे आणि मुठीने किंवा तळहाताने थापटणे असे निरनिराळे हात होते. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रा. माणिकराव यांनी तालमीतल्या या विद्येला हाडवैद्यकाची जोड दिली. त्याच बडोद्यातून द. चिं. मुजुमदार यांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश मराठीत सिद्ध केला. महाड-पोलादपूरकडे कुस्तीचा जोर देशावरच्याइतका कधीच नव्हता. इथला खेळ हुतूतू, म्हणजे आजची कबड्डी. तिच्यात मांडीला आणि पोटरीला बसणारे झटके कुस्तीपेक्षा कमी नसतात, पण तालमीसारखी संस्था तिच्यामागे नसल्याने खेळाडूची मालीश घरीच होत राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादपूर-महाबळेश्वर घाटाचा गाडीरस्ता तयार झाला आणि पालखीची सद्दी संपत आली. विसाव्या शतकात मोटारी आणि स्वातंत्र्यानंतर एसटी आली. घाट आता इंजिनाने चढला जाऊ लागला. गावातली तरणी माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत गेली. ती गणपतीला, शिमग्याला किंवा महाडच्या वीरेश्वराच्या छबिन्याला परतली की एक जुनीच गोष्ट नव्या रूपात दिसे. वर्षभर यंत्राशेजारी उभा राहिलेला चाकरमानी एका रात्रीत सासनकाठी नाचवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याला खांदा वर उचलवत नसे. घाटातला हमाल गेला होता आणि नवखा पाय, नवखा खांदा ही आता नेहमीची बाब झाली होती.

रायगडावर हाच बदल सर्वांत मोठ्या प्रमाणात घडला. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने एप्रिल १८९६ मध्ये गडावर शिवउत्सव झाला आणि पुढच्या काळात गडावर जाणे हा महाराष्ट्रातल्या माणसाचा जवळजवळ नेमच झाला. १९९६ पासून रोपवे आहे. तरीही दर जूनमध्ये राज्याभिषेक सोहळ्याला येणाऱ्यांपैकी बरेचजण दीड हजाराच्या आसपास असलेल्या पायऱ्या पायीच चढतात, आणि मुख्य म्हणजे उतरतात. गडावर ताक-दही विकायला रोज ये-जा करणाऱ्या खालच्या वाडीतल्या बायका त्याच पायऱ्या डोक्यावर ओझे घेऊन पार करतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर येतात. हिरकणीच्या कथेत कडा उतरण्याचे धाडस आहे, दुसऱ्या दिवशीच्या पोटऱ्या नाहीत. तिच्यासारख्या गवळणीच्या बाबतीत कथाकाराचे हे मौन शरीरशास्त्राला धरूनच आहे.

उतरणच का दुखवते, याचा शोध गेल्या शतकात लागला. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू आणि पोटरी आखडण्याचा जोर लावत असतात, पण त्याच वेळी शरीराच्या वजनाने ताणले जात असतात. या उलट्या ओढीत स्नायूच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. अमेरिकेतल्या थिओडोर हफ याने १९०२ मध्येच अशा दुखण्यामागे स्नायूच्या आत काहीतरी फाटणे असावे, असे मांडले. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९८१ मध्ये माणसांना वारंवार जिने उतरायला लावून पोटरीच्या स्नायूचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि तंतूंची ती मोडतोड प्रत्यक्ष पाहिली. रायगडाच्या पायऱ्यांसाठी याहून चपखल प्रयोग योजता आला नसता. दुखणे साधारण एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचते. बर्फावरच्या स्कीईंगमध्येही हेच घडते. गुलमर्ग किंवा औलीच्या उतारावर गुडघे वाकवून तोल सांभाळताना मांड्या सतत याच ताणाखाली असतात. स्नायूत लॅक्टिक आम्ल साचून राहते म्हणून दुसऱ्या दिवशी अंग दुखते, ही समजूत अजून व्यायामशाळांत ऐकू येते. ती चुकीची आहे, कारण ते तासाभरात ओसरते.

थापटण्याच्या हाताला यंत्राचे रूप देण्याची खटपट युरोपात एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. स्टॉकहोमचा गुस्ताव झांडर वाफेवर चालणारी व्यायाम आणि मर्दनाची यंत्रे वापरत होता. लंडनचा डॉक्टर जोसेफ मॉर्टिमर ग्रॅनव्हिल याने १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला विजेवर चालणारे ठोके देणारे उपकरण बनवले. त्यानंतर कंपन देणारे पट्टे आणि खुर्च्या येत-जात राहिल्या. आजची मसाज गन मात्र अगदी अलीकडची आहे. लॉस एंजेलिसचा कायरोप्रॅक्टर जेसन वर्सलँड याला २००७ मध्ये मोटारसायकलचा अपघात झाला. स्वतःच्या दुखण्यावर इलाज म्हणून त्याने लाकूड कापण्याच्या विजेच्या करवतीत फेरफार करून ठोके देणारे यंत्र जुळवले. त्यातून २०१६ मध्ये थेरागन बाजारात आली. दोन वर्षांनी हायपरव्होल्ट आली आणि मग स्वस्त नकलांचा पूर लोटला. आज दोन-तीन हजार रुपयांना मिळणारे हे यंत्र मिनिटाला साधारण दोन ते तीन हजार ठोके देते. चांगल्या यंत्राचे डोके दर ठोक्याला १० ते १६ मिलिमीटर पुढे येते. धावपटूंच्या, क्रिकेटपटूंच्या आणि मुंबई-पुण्याच्या ट्रेकर्सच्या पिशव्यांतून ते रायगडच्या पायथ्याशीही पोहोचले आहे.

यंत्राचा उपयोग किती, हे जाहिरातींपेक्षा प्रयोगांवरून पाहावे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोटरीवर पाच मिनिटे हायपरव्होल्ट फिरवल्यावर घोट्याची हालचाल सुमारे ५ अंशांनी वाढली. स्नायूच्या ताकदीत फरक पडला नाही. दुखण्याची जाणीव काही काळ बोथट होते आणि आखडलेपणा सुटतो, एवढा लाभ मान्य करायला हरकत नाही. फाटलेले तंतू त्याने लवकर सांधले जातात, असे मात्र म्हणता येत नाही. ते काम झोप, अन्न आणि दिवस यांचेच आहे. शिवाय जुन्या मालीशीतल्या अनेक हातांपैकी थापटण्याचा एकच हात या यंत्राला येतो. सराईत बाईच्या अंगठ्याला दुखऱ्या जागेपाशी थांबायचे कळते. यंत्राला ते कळत नाही, म्हणून कुठे थांबायचे याची जबाबदारी वापरणाऱ्यावर येते.

एका स्नायूवर एक-दोन मिनिटे, हलका दाब आणि हाडापासून अंतर, एवढे पथ्य पाळावे. मान, मणका, फुगलेल्या शिरा आणि ताजी मुरगळ यांवर यंत्र लावू नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे. जोरात आणि फार वेळ वापरल्याने स्नायू विरघळून मूत्रपिंडाला धोका निर्माण झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झालेली आहे. गडावर जाण्याआधी आठ-दहा दिवस जिने किंवा एखादी टेकडी उतरण्याचा सराव केला, तर दुसऱ्या दिवशीचे दुखणे बरेच कमी होते. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली किंवा लघवीचा रंग गडद झाला, तर तेल आणि यंत्र दोन्ही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.