बेलापूर स्टेशनचा गोलंदाज

मराठीत क्रिकेटविषयी जे लिहिले गेले आहे, त्याचा भूगोल फार आटोपशीर आहे. शिवाजी पार्क, दादर, आझाद मैदान. फार तर पुण्याचा डेक्कन जिमखाना. या लेखनात मैदानाला जशी सीमारेषा असते तशी एक अदृश्य रेषा कसारा आणि बोर घाटांच्या माथ्यावरून गेलेली दिसते. तिच्या पलीकडून कोणी आलाच, तर त्याचे चरित्र एका ठरीव साच्यात ओतले जाते : लहान गाव, मोठे स्वप्न, जिद्द, यश. झहीर खानच्या वाट्याला हेच आले. चरित्र हा वाङ्मयप्रकार गांभीर्याने वाचणाऱ्यांना या साच्याचा संशय यायला हवा, कारण 'लहान गाव' हे त्यात केवळ सुरुवातीचे वाक्य असते. त्या गावाला स्वतःचा इतिहास असू शकतो, हे चरित्रकाराच्या गावीही नसते.

श्रीरामपूरला तो आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावरील या गावाच्या स्थानकाला अनेक दशके 'बेलापूर' हेच नाव होते (नव्या मुंबईतील बेलापूरशी त्याची गल्लत आमच्या पाहुण्यांनी पुष्कळदा केलेली आहे). गाव वाढले ते पाण्यावर आणि उसावर. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, आणि दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) उत्तर भागाचे रूप पालटले. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना होता. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला व १९५० च्या सुमारास त्याचे गाळप सुरू झाले. साखरेतून शाळा, शाळांतून महाविद्यालये, आणि १९८३ नंतर विनाअनुदानित धोरणाच्या वाऱ्याबरोबर अभियांत्रिकी महाविद्यालये. रंगनाथ पठारे यांच्या 'ताम्रपट'च्या वाचकांना हा प्रदेश व त्याचे राजकारण परके नाही.

७ ऑक्टोबर १९७८ रोजी श्रीरामपुरात जन्मलेला, छायाचित्रकाराचा मुलगा झहीर हा या साखळीचेच अपत्य होता. तो प्राथमिक शाळेत शिकला ती मराठी माध्यमाची. माध्यमिक शाळेला सोमैया या साखर-उद्योजकांचे नाव. पुढे प्रवेश लोणीच्या प्रवरा अभियांत्रिकी महाविद्यालयात. म्हणजे सहकाराने या जिल्ह्यातील मध्यमवर्गीय मुलासाठी जी वाट आखून ठेवली होती, तिच्यावर तो अगदी शिस्तीत चालत होता. ती वाट त्याने १९९६ च्या सुमारास सोडली, आणि सोडायला लावली ती वडिलांनी, असे सांगतात. आम्हांला या कथेतील हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो. मराठी कथाकादंबऱ्यांतले वडील सहसा याच्या नेमके उलट वागतात.

मुंबईत त्याला नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक यांनी घेतले. नाईक स्वतः १९७४ मध्ये तीन कसोट्या खेळलेले. तेथून चेन्नईचे एमआरएफ पेस फाउंडेशन, डेनिस लिली आणि टी. ए. शेखर यांची नजर, आणि मग बडोद्याच्या संघातून रणजी पदार्पण. येथे क्षणभर थांबले पाहिजे. श्रीरामपूरचा मुलगा क्रिकेटच्या प्रशासकीय नकाशाप्रमाणे महाराष्ट्र संघाचा. त्या संघटनेचे केंद्र पुणे. झहीर त्या संघाकडून एकही रणजी सामना खेळला नाही. तो आधी बडोद्याचा झाला, २००६ पासून मुंबईचा. त्याच जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यात, आश्वी खुर्दला १९८८ मध्ये जन्मलेला अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला आणि मुंबईकडून खेळला. जिल्ह्याची जी दोन नावे जग ओळखते, त्या दोघांचेही क्रिकेट जिल्ह्याबाहेर घडले. साखरेने महाविद्यालये दिली, रुग्णालये दिली, आमदार तर मुबलक दिले. पण एका वेगवान गोलंदाजाला येथेच घडवील अशी व्यवस्था दिली नाही. हा दोषारोप नव्हे. मात्र श्रीरामपूरचा अभिमान म्हणून झहीरचे नाव घेताना त्या अभिमानात निर्यातीचा हिशेबही धरावा लागतो, एवढेच.

ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीत तो पहिला एकदिवसीय सामना खेळला. काही दिवसांतच, आपल्या बाविसाव्या वाढदिवशी, त्याने स्टीव्ह वॉचा त्रिफळा यॉर्करवर उडवला. नोव्हेंबरात ढाक्याला कसोटी पदार्पण. बांगलादेशाचीही ती पहिलीच कसोटी. पुढल्या पाच वर्षांतील चढउतार सर्वज्ञात आहेत. २३ मार्च २००३ चे जोहान्सबर्ग मात्र टाळता येत नाही. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील पहिल्या षटकात त्याने १५ धावा दिल्या. एकूण ७ षटकांत ६७, बळी नाही. त्या षटकात चेंडू हाताळणारा माणूस स्वतःच्याच वेगाच्या ताब्यात गेलेला दिसतो.

२००६ मध्ये संघातून वगळल्यावर तो वूस्टरशायरकडे कौंटी खेळायला गेला. 'व्यावसायिक' हा शब्द आपल्याकडे अजूनही किंचित हिणकस अर्थाने वापरला जातो. कलावंत श्रेष्ठ, व्यावसायिक दुय्यम. झहीरचा इंग्लंडमधील तो उन्हाळा या समजुतीला उत्तर आहे. दर आठवड्याला नवे मैदान, तुरळक प्रेक्षक, रोजची मजुरी. त्यात त्याने ७८ बळी घेतले आणि धाव आखूड करून, चेंडू लपवून, वेगाऐवजी वळणावर विसंबण्याची विद्या घरी आणली. व्यवसायाची ही सोय आधीच्यांना नव्हती. रत्नागिरीचे यष्टिरक्षक दत्ताराम हिंदळेकर १९३६ आणि १९४६ मध्ये इंग्लंडमध्ये कसोटी खेळले, पोटासाठी पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी करीत राहिले, आणि १९४९ मध्ये चाळिसाव्या वर्षी गेले. या दोन कारकिर्दी शेजारी ठेवल्या की 'पैशासाठी खेळणे' या शब्दांतला तुच्छतेचा सूर आपोआप खाली येतो.

त्या विद्येचे फळ २००७ च्या जुलैत नॉटिंगहॅमला दिसले. फलंदाजी करताना खेळपट्टीवर कोणीतरी जेलीच्या गोळ्या टाकल्या, तो भडकला. वर्तमानपत्रांना तेवढेच पुरले. खरी गोष्ट अशी की डावखुऱ्या स्ट्रॉस आणि कुक यांना त्याने यष्टीच्या दुसऱ्या बाजूने येऊन दोन्ही दिशांच्या स्विंगने अक्षरशः प्रश्न विचारले. सामन्यात ९ बळी. भारताने इंग्लंडमध्ये १९८६ नंतर प्रथमच मालिका जिंकली. त्याचे ३११ कसोटी बळी पाहिले तर त्यांतले बहुसंख्य परदेशातील आहेत. घरच्या खेळपट्ट्यांनी त्याला फारसे काही दिले नाही.

२ एप्रिल २०११, वानखेडे. पहिल्या स्पेलमध्ये पाच षटके, तीन निर्धाव, ६ धावा, एक बळी. जोहान्सबर्गच्या त्या षटकाचे हे परिमार्जन होते असे म्हणण्याचा मोह आवरावा, कारण त्याच सामन्यात अखेरच्या षटकांत तो झोडपला गेला आणि १० षटकांत ६० धावांवर थांबला. इतिहास इतका नीटनेटका नसतो. पण एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे : वानखेडेची ती खेळपट्टी सुधीर नाईकांच्या देखरेखीखाली तयार झाली होती. स्पर्धेत त्याचे २१ बळी, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वाधिक.

तीनच महिन्यांनी, लॉर्ड्सवर, कुक आणि स्ट्रॉस दोघांनाही बाद करून तो चौदाव्या षटकाच्या मध्यावर मांडी धरून थांबला. १३.३ षटके, १८ धावा, २ बळी. ते षटक दुसऱ्याला पुरे करावे लागले. भारत ती मालिका ४-० ने हरला. शरीराने दगा दिल्याच्या घटना त्याच्या कारकिर्दीत इतक्या आहेत की ९२ कसोट्या हा आकडा आम्हांला कमी न वाटता आश्चर्यकारक वाटतो.

शेवटची कसोटी वेलिंग्टनला, फेब्रुवारी २०१४. ब्रेंडन मॅकलमने ३०२ धावा काढल्या आणि हातचा सामना निसटला. तेव्हा झहीर पस्तीस वर्षांचा होता, त्याचा वेग उरलेला नव्हता. त्या एका डावात त्याने ५१ षटके टाकली, १७० धावांत ५ बळी घेतले. अखेर मॅकलमलाही त्यानेच बाद केले, मात्र तोवर फार उशीर झालेला होता.