दुबईला माल पाठवताय? पाच टक्के वाचवणारा कागद आधी काढा

भिवंडीत शिवलेले अबाये, धारावीतल्या चामड्याच्या बॅगा आणि पाकिटं, सोलापूरचे टॉवेल असा आपल्याकडच्या छोट्या कारखानदारांचा माल दुबईच्या बाजारात वर्षानुवर्षं जातो आहे. ऑर्डर बहुतेक वेळा ओळखीतून येते. कुणाचे मामू देरामध्ये दुकान चालवतात, कुणाचा मेहुणा शारजात गोदाम सांभाळतो. माल जातो, पैसे येतात, पण मधल्या एका सवलतीकडे बऱ्याच जणांचं लक्ष नसतं.

भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यात १८ फेब्रुवारी २०२२ रोजी व्यापार करार झाला. त्याला ‘सेपा’ म्हणतात. करार लागू झाला १ मे २०२२ पासून. सही आणि अंमल या दोन वेगळ्या तारखा असतात, हे कुठल्याही करारात आधी बघावं. पेपरात सहीचा फोटो आला म्हणजे सवलत सुरू झाली असं होत नाही. या करारात अमिरातीने आपल्या यादीतल्या ९७ टक्क्यांहून जास्त वस्तुप्रकारांवरचं आयात शुल्क भारतीय मालासाठी काढून टाकायचं मान्य केलं. काही वस्तूंवर ते लगेच गेलं, काहींवर टप्प्याटप्प्याने. तिथे बहुतेक वस्तूंवर शुल्काचा सर्वसाधारण दर ५ टक्के आहे. म्हणजे वाचतात ते हेच पाच टक्के.

मात्र ही सवलत आपोआप लागत नाही. माल भारतात तयार झाला आहे असं सांगणारं ‘सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन’, म्हणजे मूळ देशाचं प्रमाणपत्र, सोबत लागतं. त्यातही दोन प्रकार आहेत. एक साधं, ज्यात फक्त माल भारताचा आहे एवढंच लिहिलेलं असतं; त्यावर शुल्कात सवलत मिळत नाही. दुसरं सवलतीचं, म्हणजे ‘प्रेफरेन्शियल’, त्या ठरावीक कराराखाली काढलेलं. पहिलं काढून दुसऱ्याची अपेक्षा धरणारे लोक आम्हाला बरेच भेटतात.

आता खरा प्रश्न. हे पाच टक्के जातात कुणाच्या खिशात? आयात शुल्क भरतो तिकडचा खरेदीदार. म्हणजे तुम्ही इथे धावपळ करून प्रमाणपत्र काढलंत, तरी बचत पहिल्यांदा त्याची होते. समजा भाडं आणि विमा धरून माल १० लाख रुपयांचा आहे. प्रमाणपत्र नसेल तर खरेदीदार ५० हजार शुल्क भरेल. प्रमाणपत्र असेल तर शून्य. या ५० हजारांतला तुमचा वाटा दर ठरवतानाच मागायला हवा, माल निघून गेल्यावर नाही. कोटेशनमध्ये सरळ लिहा की हा दर सेपाच्या प्रमाणपत्रासह आहे. दर थोडा वाढवून मिळतो, किंवा चीन, बांगलादेश, पाकिस्तानच्या मालासमोर तुमचा माल तिथे स्वस्त पडतो आणि ऑर्डर मोठी होते. यातलं काहीच ठरवलं नाही तर सगळा फायदा समोरच्याचा. नात्यातला व्यवहार असला की आपल्याकडे पैशाचं स्पष्ट बोलायला संकोच वाटतो, तो इथे महागात पडतो.

दर मागण्याआधी एक खात्री करा. तुमच्या वस्तूवर तिथे मुळात शुल्क आहे का? काही ताज्या आणि प्राथमिक खाद्यवस्तूंवर ते आधीपासूनच शून्य आहे. तिथे करारामुळे वाचण्यासारखं काही उरत नाही.

यासाठी वस्तूचा एचएस कोड माहीत पाहिजे. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे आकडे प्रत्येक देशाचे स्वतःचे. अबाया ड्रेसच्या कोडात धरायचा की इतर कपड्यांच्या, असा प्रश्न येतो. तुम्ही एक कोड लावला आणि खरेदीदाराने तिकडे कस्टम्सला दुसरा दाखवला, तर प्रमाणपत्र असूनही माल अडकू शकतो. म्हणून खरेदीदाराला आधीच फोन करून विचारा की तो कुठला कोड लावतो. बिल, पॅकिंग लिस्ट आणि प्रमाणपत्र या तिन्हींवर तोच आला पाहिजे.

यानंतर येतो ‘भारतात तयार झाला’ याचा अर्थ. शेतातला आंबा किंवा इथल्या जनावराचं मांस पूर्णपणे भारताचंच. कारखान्यातल्या मालाचं तसं नसतं. अबायाचं कापड बरेचदा बाहेरून येतं, शिलाई आपली असते. सेपाच्या सर्वसाधारण नियमात दोन अटी आहेत: बाहेरून आलेला कच्चा माल आणि तयार वस्तू यांचा सहा आकडी कोड बदलला पाहिजे, आणि किमान ४० टक्के मूल्य भारतात जोडलं गेलं पाहिजे. हिशोब सोपा आहे. जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीतून परदेशी कच्च्या मालाची किंमत वजा करायची. हजार रुपयांच्या अबायात ६५० रुपयांचं आयात कापड असेल तर उरतात ३५ टक्के, म्हणजे बाद. तेच कापड ५५० चं असेल तर ४५ टक्के, म्हणजे चालतं. पण पुष्कळ वस्तूंना करारात वेगळा नियम दिलेला आहे. तुमच्या कोडासमोर काय लिहिलं आहे ते सीएकडून वाचून घ्या आणि खर्चाचा तक्ता त्यांच्याकडूनच करून घ्या.

बाहेरचा तयार माल आणायचा, लेबल बदलायचं आणि ‘भारतीय’ म्हणून पाठवायचा, असे सल्ले बाजारात मिळतात. ऐकू नका. ही सरळ फसवणूक आहे, आणि मापात खोट करण्याबद्दल आपल्या दीनमध्ये काय सांगितलंय ते इथे कुणाला समजवायची गरज नाही. तिकडचं कस्टम्स प्रमाणपत्राची पडताळणी भारताकडे मागू शकतं. कच्च्या मालाची बिलं निदान पाच वर्षं जपून ठेवा.

प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो, केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएफटीच्या पोर्टलवर. त्याआधी तुमच्या नावावर आयईसी नंबर हवा. त्याची सरकारी फी ५०० रुपये आहे, आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात माहिती अपडेट करावी लागते. हे विसरलं की नंबर बंद पडतो आणि नेमका माल न्हावा शेवाला उभा असतानाच ते कळतं. शक्यतो माल निघण्याआधीच अर्ज करा. राहून गेलंच तर ठरावीक मुदतीत मागाहूनही प्रमाणपत्र मिळू शकतं, पण तोवर खरेदीदाराने शुल्क भरलेलं असतं आणि परताव्यासाठी त्यालाच खटपट करावी लागते.

दुबईमार्गे सौदी, कुवेत किंवा कतरला माल पाठवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की हा करार फक्त अमिरातीशी आहे. माल जेबेल अलीच्या फ्री झोनमधून तसाच पुढे गेला तर तिथे शुल्क लागतच नाही, आणि सौदीत पोचल्यावर या प्रमाणपत्राचा उपयोग नाही. उलट, इथून निघालेला माल दुसऱ्या देशात जहाज बदलून दुबईला जाणार असेल, तर मध्ये तो कस्टम्सच्या ताब्यातच राहिला आणि त्यावर काही प्रक्रिया झाली नाही, याचे कागद सोबत लागतात.

मांस पाठवणाऱ्यांसाठी हलाल प्रमाणपत्र वेगळं. सेपामुळे त्यातून सूट मिळत नाही. दोन्ही कागद लागतात.