पडलेल्या सोबत्याचे गाणे

वीराचा पराक्रम आणि लढाईत पडलेल्याची कीर्ती गाण्यात बांधून ठेवण्याचा मराठी प्रकार म्हणजे पोवाडा. डफ, तुणतुणे आणि झांज यांच्या साथीने शाहीर तो म्हणतो, झीलकरी सूर उचलून धरतात. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा आणि तानाजी मालुसऱ्याच्या सिंहगडावरील मरणाचा तुळशीदासाचा पोवाडा हे जुन्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. दोन शतकांहून अधिक काळ ही रचना मुख्यतः तोंडीच टिकली. 1891 मध्ये शंकर तुकाराम शाळिग्राम आणि हॅरी ॲक्वर्थ यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला. ॲक्वर्थ हा मुंबईचा महापालिका आयुक्त. सरकारी खुर्चीत बसून शाहिरांच्या मागे लागणारा माणूस तेव्हा विरळाच होता.

पोवाड्यात एक गोष्ट मात्र क्वचित सापडते, ती म्हणजे पडलेल्याच्या सोबत्याचा स्वतःचा आवाज. शाहीर ऐकीव हकिकत रचतो. शेजारी उभा राहून लढलेला बहुधा गप्पच राहतो. आजच्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या इतिहासात हे स्पष्ट दिसते. वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांच्या फौजेने जानेवारी 1739 मध्ये तारापूरचा पोर्तुगीज कोट सुरुंग लावून आणि हल्ला चढवून घेतला. या लढाईत पेशव्यांच्या घरोब्यातला सरदार बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून ठार झाला. त्याच्या आईला पेशव्यांकडून गेलेले सांत्वनाचे पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. जिवाभावाच्या माणसाचा शोक तिथे पत्रात उतरला. पुढे मे 1739 मध्ये वसई पडली आणि मोहिमेची कीर्ती त्या विजयाभोवतीच जमली.

दोनशे वर्षांनी याच पट्ट्यात मरणाची दुसरी आठवण तयार झाली, आणि तिच्यात पोलीस बंदुकीच्या मागे उभे होते. ‘छोडो भारत’चा ठराव होऊन आठवडा उलटतो न उलटतो तोच, 14 ऑगस्ट 1942 रोजी पालघरच्या कचेरीवर मोर्चा आला. पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मारले गेले: काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामचंद्र चुरी, सुकुर मोरे आणि तिवारी. पालघरबरोबरच सातपाटी, मुरबे, नांदगाव आणि बोईसरजवळचे सालवड या गावांशी या नावांचे नाते सांगितले जाते. पालघरच्या मध्यवर्ती चौकात त्यांचा हुतात्मा स्तंभ आहे आणि दर 14 ऑगस्टला तिथे आदरांजली वाहिली जाते.

त्यानंतरच्या मराठी शाहिरीत पोलिसाची जागा हीच राहिली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांनी जनतेला उभे केले. त्या लढ्यातल्या हुतात्म्यांचा आकडा 106 सांगितला जातो, आणि त्यांतले बहुतेक पोलिसांच्या गोळीने गेले. अशा गाण्यात मेलेल्या पोलिसासाठी कडवे येणे अवघडच होते. शाहिरांना त्याबद्दल दोष देता येत नाही. त्यांनी डोळ्यांसमोरचे गायिले.

पोलिसाच्या मरणाला स्वतंत्र दिवस मिळाला तो फार दूरच्या घटनेमुळे. 21 ऑक्टोबर 1959 रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याने गस्तीवरच्या पोलीस तुकडीवर गोळीबार केला आणि दहा जवान मारले गेले. तिबेटला लागून असलेल्या सीमेवर त्या काळी पोलीसच पहारा देत. पुढे 21 ऑक्टोबर हा देशभर पोलीस स्मृतिदिन ठरला. दिल्लीतल्या चाणक्यपुरी येथील राष्ट्रीय पोलीस स्मारकाचे उद्घाटनही 2018 मध्ये याच तारखेला झाले. स्मृतिदिनाचा विधी ठरलेला असतो. शोकशस्त्राची सलामी, बिगुलाची अंत्यधून, पुष्पचक्र आणि वर्षभरात देशात कर्तव्यावर गेलेल्यांच्या नावांचे वाचन. शब्द काय ते त्या यादीतच. माणूस कसा होता, ठाण्यात कोणाशी कसा बोलायचा, हे तिच्यात येत नाही. यादीचे ते कामही नव्हे.

महाराष्ट्रात पोलिसाकडे बघण्याची नजर बदलली ती 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. हातात केवळ लाठी असताना हल्लेखोर कसाबला धरून ठेवणारे जावळीच्या केडंबे गावचे ओंबळे हे तर पोवाड्यातच शोभणारे पात्र. गिरगाव चौपाटीजवळ त्यांचा पुतळा आहे, आणि 2021 मध्ये कोळ्याच्या एका नव्या जातीला त्यांचे नाव मिळाले. हल्लेखोर समुद्रमार्गे आले होते, त्यामुळे पालघरच्या किनाऱ्याकडेही लक्ष गेले. सातपाटी आणि केळव्याच्या सागरी पोलीस ठाण्यांना किनाऱ्यावरच्या पहाऱ्यात महत्त्वाचे काम आहे.

1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाल्यापासून पालघर जिल्ह्याचे पोलीस दलही स्वतंत्र आहे. या दलातल्या एखाद्या वर्दीतल्या माणसाने आपल्या गेलेल्या सोबत्यावर गाणे रचावे, यात मराठी परंपरेला परके असे काही नाही. फक्त शाहीर आणि सोबती एकच होतो, एवढाच फरक. स्मृतिदिनाला नावांचे वाचन संपल्यावर अशा एखाद्या रचनेला पाच मिनिटे द्यायला हरकत नसावी.